मिनिटाला अठ्ठावीस फेरे

१२ जानेवारी २०२५, रविवार. मुक्काम अष्टमी

बाबा आज आले. बाबा म्हणजे वैशालीचे वडील, पुंडलिक. गुरुवारी पेणला त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. गावच्या घरी मेहुणा विशाल असतो, पण तो दिवसभर कामावर. बाबांना एकटं ठेवलं तर तिसऱ्या दिवशी बांधावर जाऊन उभे राहतील, हे वैशालीला ठाऊक. म्हणून चार आठवडे मुक्काम आमच्याकडे. वाकायचं नाही, धूळ नको, डोळ्यात पाणी नको, टीव्ही नको. चाळीस वर्षं मिठागरात उन्हात उभा राहिलेला माणूस काळा चष्मा लावून आमच्या पुढच्या खोलीत बसलाय आणि पंख्याचे फेरे मोजतोय.

खरं लिहायचं तर मला धास्ती माझ्या रेकॉर्डची. पुढच्या खोलीतच प्लेअर आहे. पुण्याच्या एका मासिकाने 'कुणी न ऐकलेलं संगीत' असा विशेषांक काढायचं ठरवलंय आणि माझा लेख मागितलाय. एकतीस जानेवारीपर्यंत द्यायचा आहे. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी माझं पहिलं काहीतरी छापून येणार. फेसबुकवर मी इतकी वर्षं जे लिहितो ते वाचणारी माणसं तीस-चाळीस. कंपनीत मी इन्स्ट्रुमेंटवाला, म्हणजे पान्हे घेऊन फिरणारा. या लेखाने मला दुसरी ओळख मिळेल असं वाटतं. हे वैशालीलाही सांगितलेलं नाही.

लेख 'आक्वा फेर्मा'वर. अर्थ, थांबलेलं पाणी. बँड इटलीचा, कासा दी चेनेरे, म्हणजे राखेचं घर. १९७४ साली ही एक रेकॉर्ड काढली आणि मोडला. प्रोग्रेसिव्ह रॉकचं वेड मला हॉस्टेलपासूनचं, पण हे नाव मीही ऐकलं नव्हतं. गेल्या मे महिन्यात पनवेलला एक जण अमेरिकेहून परतलेल्या काकांचं घर रिकामं करत होता. त्याच्याकडून प्लेअर घेतला, आत ही एकच रेकॉर्ड होती. इंटरनेटवर ती कुठेही ऐकायला मिळत नाही. नावापुरत्या दोन ओळी सापडतात. बाकीचं सगळं मी मोबाइलवर ऐकतो. प्लेअरवर फक्त हिलाच मान.

१५ जानेवारी, बुधवार

पहिली पाळी. चारला घरी येऊन पहिली बाजू लावली. बाबांना म्हटलं, आवाजाचा त्रास होत असेल तर आत बसा. ते म्हणाले, लावा, मला काय काम हाय.

या बाजूचं वर्णन अजून नीट जमत नाही. ऑर्गन सुरू होतो तो जड, खोल. मग ड्रम येतात, सात मात्रांचं आवर्तन, पण इतकं सावकाश की पुढचा ठोका पडेल की नाही अशी शंका यावी. मग तो गायक. घोगरा, खालच्या पट्टीतला, जणू पाण्याखालून बोलतोय. असा संथपणा त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्याही इटालियन बँडमध्ये नाही. सगळे पळत होते, हे एकटे थांबले. हेच माझ्या लेखाचं सूत्र.

बाबांनी मांडीवर बोटांनी ठेका धरला. थोड्या वेळाने सोडला, परत धरला, परत सोडला. त्यांना ते जमत नव्हतं. सात मात्रांचं गणित गावच्या भजनात मृदंग वाजवणाऱ्याला अवघडच. बाजू संपल्यावर म्हणाले, "दमलंय हे."

मी समजावलं की दमलेलं नाही, मुद्दाम तसं केलंय. त्यांनी मान हलवली. मला वाटतं पटलं.

एक नोंद. कव्हरवर या बाजूची वेळ एकोणीस मिनिटं दहा सेकंद छापली आहे. मी घड्याळ लावून पाहिलं, बरोबर तेवीस भरतात. म्हणजे छापणाऱ्याने गोंधळ घातलाय. लहान कंपनी, कुणी लक्ष दिलं नसणार. लेखात हे घालायचं. असल्या बारकाव्याने वजन येतं.

१९ जानेवारी, रविवार

आज बाबांनी स्वतःहून मागितली. "ते इटलीवालं लावा." दोन्ही बाजू ऐकल्या. वैशाली भाकऱ्या करत होती. ती हसून म्हणाली, सासरे-जावई एका पंगतीला बसले.

मग बाबा बोलले. जसं बोलले तसं लिहून ठेवतो, कारण लेखात गंमत म्हणून कामी येईल.

"जावय, ही बाई हाय."

मी म्हटलं, बाबा, पुरुष आहे. त्याच्या आवाजावर मी दोन पानं लिहिली आहेत.

"बाई हाय. दमलेली बाई. न् तो वाजवनारा पन असा वाजवत नसंल. सावकाश वाजवला तर थापा लांब लांब पडतात, पन एकेक थाप तेवढीच ऱ्हाते. हितं थापच लांबलीय. ती झांज बगा, किती येळ रडतेय. झांज अशी रडत नाय."

मी सांगितलं, हा रेकॉर्डिंगचा परिणाम असतो, स्टुडिओत करतात. ते म्हणाले, "आसंल. तुमी शिकलेली मान्सं." आणि चष्मा काढून न आलेला घाम पुसला.

रागावले असतील असं वाटत नाही. जेवले नेहमीसारखे.

२६ जानेवारी, रविवार

लेख झाला. बाराशे शब्द मागितले होते, एकवीसशे झाले. शेवटून तिसरा परिच्छेद मला स्वतःलाच इतका आवडला की चारदा वाचला. इथे उतरवतो:

'आमच्या घरात सासरे मृदंग वाजवतात. आयुष्य मिठागरात गेलं. त्यांनी हे संगीत ऐकून निकाल दिला, की ही बाई आहे आणि ती दमलेली आहे. भजनाच्या ठेक्यात मुरलेल्या कानाला संथपणाचं वजन पेलत नाही, याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.'

वैशालीला वाचून दाखवला. ती इतकंच म्हणाली, की बाबा आत झोपलेत, हळू वाच. मग विचारलं, नाव नाही ना घातलंस? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मिठागरात काम केलेले मृदंगवाले सासरे तुला किती आहेत?

म्हणून 'सासरे' काढून 'एक वृद्ध गृहस्थ' केलं. लगेच पाठवून दिला. तिने अजून काही सुचवण्याआधी.

८ फेब्रुवारी, शनिवार

बाबांना गावी सोडून आलो. कासू स्टेशनात दुसऱ्या गाडीला वाट द्यायला आमची गाडी बराच वेळ उभी होती, तेवढ्यात त्यांनी खिडकीच्या पत्र्यावर काहीतरी वाजवलं. ओळखीचं वाटलं पण कळलं नाही. उतरल्यावर म्हणाले, आज शनिवार, मारुतीच्या देवळात भजन हाय, महिनाभर हात सुटलाय. पोराला शाळा सुटल्यावर होतो तसा आनंद झाला होता त्यांना.

२२ फेब्रुवारी, शनिवार

अंक आला. माझं नाव अनुक्रमणिकेत सातवं. संपादकांनी लेखातला एक भाग चौकटीत मोठ्या अक्षरात घेतलाय. कुठला, तर तोच, वृद्ध गृहस्थांचा. म्हणजे त्यांनाही तोच आवडला.

सकाळपासून फोन. कंपनीतल्या साहेबांनी बोलावून चहा पाजला. त्यांनी वाचला नसणार, पण चौकट वाचून हसले. मी पानांचे फोटो काढून सगळीकडे पाठवले. कंपनीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, आणि वैशालीच्या माहेरचा ग्रुपसुद्धा. तिथे पाठवताना अंगठा क्षणभर थांबला होता. पण तोवर सात जणांनी शाबासकी दिली होती आणि मला आठवी हवी होती.

विशालने ग्रुपवर शाबासकीचा अंगठा टाकला. बाबा मोबाइल वापरत नाहीत.

१ मार्च, शनिवार

बाबांनी मृदंग सोडला.

वैशालीला विशालकडून कळलं. गेल्या शनिवारी देवळाच्या पायरीवर कुणीतरी माझा लेख मोठ्याने वाचला, भजनाच्या आधी, बाबा समोर बसलेले. नाव नव्हतं, पण गावात कुणाला सांगावं लागतंय. आता पोरंटोरंही बाबांना विचारतात, "दादा, गानारा बाप्या हाय का बाई?" त्या दिवशी बाबा घरी निघून गेले. पोपट नावाचे एक जण आहेत, ते टाळ वाजवायचे. त्यांना मृदंगावर बसवलंय. पोपट स्वतः दोनदा बोलवायला गेले, तर बाबांनी सांगितलं, माझा कान गेला आता, छापून आलाय.

मी म्हटलं, गावातली चेष्टा, चार दिवस चालेल. वैशाली म्हणाली, आई गेली त्या आठवड्यातसुद्धा ते शनिवारी बसले होते. मग ती उठून कपडे काढायला गच्चीवर गेली. कपडे वाळले नव्हते.

मला वाईट वाटतंय. पण मत म्हणून जे लिहिलं ते चूक होतं असं म्हणवत नाही. मत प्रामाणिक होतं.

६ मार्च, गुरुवार

काय लिहू. लाज वाटते. हाताने लिहायचीसुद्धा लाज वाटते.

संपादकांनी एक पत्र पुढे पाठवलं. पुण्याच्या रोहिणीबाई, निवृत्त प्राध्यापिका, ऐंशीच्या दशकात दोन वर्षं इटलीत शिकायला होत्या. त्यांच्याकडे ही रेकॉर्ड आहे. लेख आवडल्याचं आधी लिहिलंय, मग अगदी सभ्यपणे तीन ओळी: 'एक शंका. माझ्या प्रतीत गायिका आहे. पहिली बाजू एकोणीस मिनिटांचीच आहे. आणि संगीत चांगलंच वेगवान आहे, नाचावंसं वाटेल असं. आपल्याकडे वेगळी आवृत्ती आहे का?' सोबत पूर्ण बाजूचं रेकॉर्डिंग.

मोबाइलवर ऐकलं. ऑर्गन उड्या मारत येतो. ड्रम खळखळतात. झांज वाजते आणि मिटते. आणि ती गाते. तरुण बाई आहे, आवाज स्वच्छ, वरच्या पट्टीतला. थांबलेलं पाणी फोडून निघालेलं गाणं आहे ते. मी दहा महिने त्याला प्रेतयात्रा समजून डोळे मिटून मान हलवत होतो.

प्लेअर उलटा केला. पाठीवर पट्टी आहे, धुळीखाली. ११० व्होल्ट, ६० सायकल. अमेरिकेत वीज साठ सायकलची, म्हणजे सेकंदाला साठ हेलकाव्यांची, आपल्याकडे पन्नास. व्होल्टचं मी मोठ्या ऐटीत पाहिलं होतं, ट्रान्सफॉर्मर लावला होता. पण ट्रान्सफॉर्मरने सायकल बदलत नाहीत, आणि ही मोटर सायकलवर फिरते. रेकॉर्डला कागदाची खूण चिकटवून फेरे मोजले. मिनिटाला तेहेतीसच्या वर हवेत. जेमतेम अठ्ठावीस भरले.

हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाचं पोर सांगेल. आणि मी वीस वर्षं काय करतो, तर कॅलिब्रेशन. कंपनीतलं प्रत्येक मीटर मी तपासतो, त्यावर तारखेचा कागद चिकटवतो, खाली माझी सही. ऑपरेटर म्हणतो मीटर चुकीचं दाखवतंय, तर मी त्याला सुनावतो, मीटर बरोबर आहे, तुझं काम चुकतंय. घरात कव्हरवर खरी वेळ छापलेली असताना मी छापणाऱ्याला मूर्ख ठरवलं. आणि समोर बसलेल्या माणसाने डोळे मिटून, नुसत्या कानाने, सगळं सांगितलं. बाई हाय. दमलंय. थापच लांबलीय. त्याचं मी काय केलं, तर चौकट.

७ मार्च, शुक्रवार

आज एका ऑपरेटरने सांगितलं, प्रेशर गेज जास्त दाखवतोय. मी काही न बोलता गेज उतरवला आणि तपासला. गेज बरोबर होता. तरी त्याला काही म्हणालो नाही.

९ मार्च, रविवार

वैशालीला सांगितलं. कालच सांगणार होतो, पण काल ती आनंदात होती, म्हणजे खरं तर मीच घाबरलो. तिने ऐकून घेतलं. मला वाटलं रागावेल. तिने विचारलं, मग बाबा बरोबर होते? मी म्हटलं, हो. "सगळंच?" सगळंच. ती ओढणीचं टोक तोंडाशी धरून रडली. तिलाही आतून वाटायला लागलं होतं, म्हणाली, की वडील म्हातारे झाले, कान गेला असेल. माझ्यामुळे तिला असं वाटलं.

संपादक पुढच्या अंकात खुलासा घेतील. मी लगेच बसून लिहिला. 'विद्युतपुरवठ्यातील तांत्रिक फरकामुळे लेखकाच्या यंत्राचा वेग कमी राहिला व काही निरीक्षणे सदोष ठरली. वाचकांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर.' वैशालीने वाचून कागद परत दिला. "यात बाबा कुठे आहेत?"

दुसरा लिहिला. त्यात नाव घातलं, पुंडलिक. काय काय म्हणाले तेही. मी काय केलं तेही. पहिल्याला दहा मिनिटं लागली होती, ह्याला दुपार गेली.

पण अंक येणार एप्रिलमध्ये. आणि गावात पुण्याचं मासिक वाचतं कोण. हसले ते देवळाच्या पायरीवर.

१५ मार्च, शनिवार

आत्ताच गावाहून आलो. वैशाली स्वयंपाकघरात आहे. लिहून काढल्याशिवाय जेवण उतरणार नाही.

दुपारच्या गाडीने गेलो. कालच्या धुळवडीचे रंग अजून लोकांच्या कानामागे होते. बाबा ओटीवर वाल सोलत बसले होते. वैशालीने चहा ठेवायच्या आत मी सांगून टाकलं, नाहीतर धीर गेला असता. मशीन अमेरिकेचं, आपल्या विजेवर हळू फिरतं, मला कळायला हवं होतं, तुम्ही तीनदा सांगितलंत, मी ऐकलं नाही आणि वर तुमची टिंगल छापली. त्यांच्या हातातलं सोलणं थांबलं नाही.

"मंग ती बाईच हाय?"

"बाईच आहे."

"लावा बगू."

मोबाइलला छोटा स्पीकर जोडून लावलं. एकोणीस मिनिटं ते हलले नाहीत, फक्त बोटं मांडीवर. या वेळी ठेका एकदाही सुटला नाही. सात मात्रांवर ते असे चालत होते जसे घरच्या अंगणात. जानेवारीत ते चुकत नव्हते, थापा तिथे पडत नव्हत्या जिथे पडायला हव्या, म्हणून ते सोडत होते. हे मला आज दिसलं. संपल्यावर म्हणाले, "हां. आता बरी हाय ती." आजारी माणसाची खबर घेतल्यासारखे.

मग मी म्हटलं, संध्याकाळी देवळात सगळ्यांसमोर सांगतो. ते म्हणाले, "नको. हसून झालाय लोकांचा. परत कशाला उकरायचा?" त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहिलं पाहिजे. हायसं वाटलं, आणि वैशालीने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी म्हटलं, नाही, मी सांगणार. भजनाच्या वेळी बाबा सदरा बदलून आमच्यासोबत निघाले.

देवळात दहा-बारा माणसं, पुढे अभंग गाणारे बुवा. पोपट मृदंगाशी बसलेले. मी उभं राहून दुसरा कागद वाचला, एप्रिलमध्ये छापून येणार आहे तो. 'आवर्तन', 'निरीक्षण' असले शब्द त्या देवळात किती परके वाटले. मध्येच कागद खाली केला आणि सरळ सांगितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

पोपट म्हणाले, "म्हंजी तुमचा मशीन हळू फिरत व्हता, न् दादांना निस्त्या कानान कळला?"

मी म्हटलं, हो. आणि मला डोळे, हात, मीटर सगळं असून नाही कळलं.

पोपट उठून बाजूला सरले. बाबा लगेच बसले नाहीत. मृदंगाच्या डाव्या पानाला, म्हणजे चामड्याला, लावलेली कणीक त्यांनी बोटाने दाबून पाहिली, म्हणाले सुकलीय, ताजी आना. वैशाली घरी जाऊन मळून घेऊन आली. ती लावून, हातोडीने बाजूचे लाकडी गट्टे ठोकून, कान लावून त्यांनी मृदंग जुळवला. सगळे थांबले होते, कुणाला घाई नव्हती. मग बसले. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जावय, निस्ते बसू नका. टाळ घ्या."

मी टाळ घेतले. सात मात्रांवर पानंच्या पानं लिहिणारा माणूस मी. साधा भजनी ठेका, शेंबड्या पोरालाही येतो तो, मला धरता येईना. प्रत्येक वेळी माझे टाळ सगळ्यांच्या मागून वाजायचे. पहिल्या अभंगात दोघांनी वळून पाहिलं. दुसऱ्यात मी टाळ हळू वाजवू लागलो, ऐकू जाऊ नये म्हणून. तेही मागूनच. घामाने टाळ हातातून सरकत होते.

तिसऱ्या अभंगात माझे टाळ जुळले. मला वाटलं, जमलं. कडवंभर खूशही होतो. मग बुवांनी गाता गाता बाबांकडे बघितलं, जरा चकित होऊन, आणि मला कळलं. बाबांनी लय उतरवली होती. मी जिथे होतो तिथपर्यंत. हळूहळू, एकेका आवर्तनाने, कुणाला झटका न देता, सगळं भजन त्यांनी माझ्यापाशी आणून ठेवलं होतं. त्यांची एकही थाप लांबली नव्हती.

आरती झाली. प्रसाद वाटताना पोपट म्हणाले, "दादा, आज लय खाली ठेवलीत. दमल्यासारखे वाटलेत."

बाबा म्हणाले, "व्हय. तीन शनिवार हात सुटलाय ना."

दमले ते नव्हते. सगळे होते तिथे, पोपट होते, बुवा होते, वैशाली पायरीवर उभी होती. टाळ अजून माझ्या हातात होते. एक वाक्य बोलायचं होतं आणि मी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला.